वंदनाची बोलणी आणि घरच्या पाली

आमच्या नरपडच्या घरात माणसं चार होती, आणि पाली किती होत्या हे पालींनाही ठाऊक नव्हतं.

घर कौलारू. समोर सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र, मागे चिकू, आणि दिवा लावला की गावभरचे किडे आमच्याकडे. पालींच्या दृष्टीने राहण्याची आणि जेवण्याची सोय एकाच छपराखाली! ट्यूबलाइटच्या पट्टीमागे एक कुटुंब, घड्याळामागे दुसरं, बाबांच्या फोटोमागे नवविवाहित जोडपं. देव्हाऱ्याच्या वर एक थोराड पाल असायची. आई तिला ‘मोठीबाय’ म्हणायची. माझी बायको नयना लग्न होऊन आली तेव्हा तिने झाडू उगारला, तर आई म्हणाली, “राहू दे गो. ती तुझ्या आधीपासून आहे या घरात.” (नयनाला स्वतःचं घरातलं स्थान त्या दिवशी नेमकं कळलं.)

मी तलासरीला एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पाल हा निरुपद्रवी प्राणी आहे, ती विषारी नसते, उलट डास खाऊन आपल्यावर उपकार करते, हे मी दरवर्षी नव्या वर्गाला ठणकावून सांगतो. सांगताना फळ्याला टेकून उभा राहतो. टेकण्याआधी फळ्यामागे वाकून बघून घेतो, एवढंच.

तर या घरात माझ्या धाकट्या बहिणीचं, वंदनाचं लग्न जमत नव्हतं. डहाणू रोडला शिवणाचे वर्ग चालवणारी, हुशार, हसरी मुलगी. पण एका स्थळाला ती सावळी वाटली, दुसऱ्याला तिचं काम करणं खटकलं. बाबा गेल्यापासून ही जबाबदारी माझी. आईने बोलणं कमी केलं होतं. आमच्या आईने उभा जन्म बाजारात बसून मासळी विकली. तिने बोलणं कमी केलं की घराबाहेरून जाणारी माणसंसुद्धा चौकशीला येतात!

अशात शकूमावशीने हद्दीपलीकडचं, गुजरातेतल्या उंबरगावचं एक स्थळ आणलं. मुलगा निलेश, वापीच्या कारखान्यात चांगल्या कामाला. नातेवाइकांच्या एका लग्नात वंदनाने आणि त्याने एकमेकांना पाहिलंही होतं. पाहिलं होतं म्हणजे काय, त्यानंतर घरी कोणाचा फोन आला की वंदना आधी केस सारखे करायची आणि मग फोन उचलायची. आम्ही काही विचारलं नाही. पण हे स्थळ जाऊ द्यायचं नाही, एवढं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलं होतं.

रविवारी मंडळी जेवायला येणार. गुरुवारी तलासरीहून मावशीचा फोन आला. तलासरीला फोनची रेंज कधी महाराष्ट्राची असते, कधी गुजरातची. गुजरातची लागली की मावशी दुप्पट वेगाने बोलते. (रोमिंगचे पैसे केव्हाच बंद झाले, पण हे मावशीला सांगायची हिंमत कोणाची नाही.)

“पक्या, नीट ऐक! मुलाची आई, हंसाबाई, माळकरी आहे. मासळी, अंडं काही नको.”

“बरं मावशी.”

“आणि महत्त्वाचं! त्यांना पाल—” घर्रर्र. “—अजिबात चालत नाही. नुसती दिसली तरी—” घर्रर्र. “—उठून जातात! मागच्या एका घरून अशाच उठल्या!”

“काय? पाल?”

“हो, पाल—” घर्रर्र. “तेवढं सांभाळ बाबा! ठेवते, रोमिंग लागलंय!”

मी फोन खाली ठेवला. समोरच्या भिंतीवर मोठीबाय फिरायला निघाली होती.

“आई,” मी म्हणालो, “मुलाच्या आईला पाल चालत नाही. दिसली की उठून जाते.”

आईने भिंतीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “मग त्यांना समुद्रावर जेवायला वाढूया.”

पण मी विज्ञानाचा मास्तर. मी म्हणालो, पद्धतशीर करू! शिक्षकांच्या खोलीत सल्ला विचारला. एका सहकाऱ्याने अंड्याची टरफलं सांगितली, दुसऱ्याने लसूण, तिसऱ्याने डांबरगोळ्या, आणि चित्रकलेच्या सरांनी मोराचं पीस. नेमका उपाय कोणता हे ठरेना, तेव्हा मी सगळेच केले. ट्यूबलाइटच्या पट्टीवर टरफलं मांडली. खिडक्यांना लसणाच्या माळा बांधल्या. कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या टाकल्या. प्रत्येक फोटोमागे मोरपीस खोचलं.

शुक्रवारी घरात पाऊल टाकवेना इतका वास सुटला. शेजारची बाय दारातून ओरडून गेली, “पक्या, कोण आजारी आहे काय?” माझं डोकं दुखायला लागलं, नयनाला शिंका सुरू झाल्या, आणि आईने आपलं अंथरूण ओटीवर नेलं. पाली? पाली मजेत होत्या! एक तर टरफलात बसून बाहेर डोकावत होती. तिला बाल्कनीची सोय झाली होती.

“दादा, बस कर,” शेवटी वंदना म्हणाली. “मी पकडते.”

“हाताने?”

“मग काय, अर्ज करायला सांगू त्यांना?”

आणि खरंच सांगतो, माझ्या बहिणीने रविवारी सकाळी जे केलं ते पाहून मला तिचा अभिमान वाटला. (हा अभिमान मी खुर्चीवर उभा राहून बाळगला.) एका हातात प्लास्टिकची बरणी, दुसऱ्या हातात पुठ्ठा. बरणी पालीवर उपडी, पुठ्ठा खालून सरकव, की झालं. आई कोपरे दाखवायची, वंदना पकडायची, आणि मी वरून मार्गदर्शन करायचो. “डावीकडे! तिकडे नको, माझ्याकडे येतेय! अगं माझ्याकडे येतेय!”

पकडलेल्या पाली बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. झाकणाला मी स्वतः भोकं पाडली होती. आमचं भांडण त्यांच्या मुक्कामाशी होतं, जिवाशी नव्हतं. सगळ्यात शेवटी मोठीबाय. तिला आईनेच नुसत्या हाताने उचललं आणि म्हणाली, “चार तासांचा प्रश्न आहे गो, बाय. जाऊन ये.”

तिकडे नयना स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती. आमच्या घरात शाकाहारी जेवण म्हणजे सुकट जरा कमी घालणं. त्यामुळे माळकरी पाहुण्यांसाठी काय करावं, या विचाराने तिची झोप उडाली होती. पण तिने आता काहीतरी खास ठरवलं होतं आणि कोणाला आत येऊ देत नव्हती. “ताट आलं की बघा,” एवढंच म्हणायची.

ठरलं असं की मी डबा सुरूच्या बनात नेऊन मोकळा करायचा. डबा हातभर लांब धरून मी उंबरठा ओलांडला, आणि समोर रिक्षा थांबली. मंडळी तासभर आधीच आली होती!

आधी मगनमामा उतरले. मुलाचे मामा. रिक्षा एकदम वर उचलली गेली, यावरून त्यांची प्रकृती ध्यानात यावी. मग हंसाबाई, पांढरी साडी, गळ्यात माळ, चेहऱ्यावर करडेपणा. मग निलेश, मग शकूमावशी.

“अरे वा, मास्तर!” मामांनी माझ्या हातातला डबा पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. “आम्ही येण्याआधीच आमच्यासाठी बिस्किटं? बहु सरस!”

आणि त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला.

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलायचं होतं? ‘मामा, तो द्या, त्यात पाली आहेत’? ज्या बाई पाल दिसली की उठून जातात, त्यांच्या भावाला? मी हसलो. माझ्या मागे वंदनाने हे पाहिलं आणि ती दाराला धरून उभी राहिली.

मंडळी आत बसली. मामा सोफ्यावर, डबा मामांच्या मांडीवर. मावशीने मला हळूच बाजूला घेतलं.

“केलास ना रे बंदोबस्त?”

“एकूण एक घराबाहेर,” मी म्हणालो. मामांच्या मांडीकडे न पाहता म्हणालो.

“शाब्बास! नयनाला बजावलंस? बायका सवयीने टाकतात चुकून एखादं डाळीत.”

“डाळीत?” माझ्या अंगावर काटा आला. “नाही नाही मावशी, डाळ झाकून ठेवलीय! वरून काही पडायचं नाही!”

मावशीने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण तेवढ्यात हंसाबाईंनी नाक आक्रसलं होतं.

“वास कसला येतो हो?”

“डांबरगोळ्यांचा,” मी म्हणालो. “स्वच्छतेसाठी.”

“आणि हा लसूण?”

“आरोग्यासाठी.”

त्यांची नजर वर गेली. मी ट्यूबलाइटवरची टरफलं काढायला विसरलो होतो. माळकरी बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“ती अंडी आहेत?”

“शाळेचा प्रयोग आहे!” मी म्हणालो. “आत काही नाही, नुसती वरची!”

“प्रयोग घरी करता?”

“दादा फार कामसू आहे,” वंदना घाईने म्हणाली. निलेशला हसू आवरेना. त्याने चेहरा रुमालात लपवला, आणि ते पाहून वंदनाही हसायला लागली. एवढ्या संकटातही मला बरं वाटलं. पण हंसाबाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मामांनी मुलाचं कौतुक सुरू केलं. “आपला निलेश एकदम सीधो छोकरो. पान नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा—”

“चुक् चुक् चुक्.”

आईने सवयीने जमिनीवर बोटं आपटली आणि म्हणाली, “खरं बोललात!” (बोलताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं, असं आमच्याकडे मानतात.)

मग तिच्या लक्षात आलं की हा आवाज भिंतीवरून आलेला नाही. मामाही इकडेतिकडे बघायला लागले. “जवळूनच आला ने?”

“शेजारून!” मी ओरडलो. “भिंती पातळ आहेत!”

तेवढ्यात डब्यातून खरखर सुरू झाली. मामांनी मांडीकडे पाहिलं. “मास्तर, डबा हलतो.”

“बिस्किटं ताजी आहेत,” मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. एम.एस्सी., बी.एड. माणसाच्या तोंडून गेलं.

हे २०१९ साल होतं. त्या दिवसांत तलासरीकडे जमिनीला सारखे धक्के बसत होते. लोक धास्तावून अंगणात झोपत, भांडं पडलं तरी बाहेर धाव घेत. मामांचा चेहरा पालटला. “धक्का तर नाही ने? मला पायात जाणवतंय!”

“नाही मामा! तो द्या इकडे, मी बशीत काढून आणतो!”

“शाने माटे? कशाला?” मामा म्हणाले. “घरचीच माणसं आपण.” आणि त्यांनी झाकण उघडलं.

मला नेमकं काय झालं ते सांगता येणार नाही, कारण त्यातला बराचसा भाग मी डोळे मिटून काढला. एवढं कळलं की डब्यातून काहीतरी उसळलं, सगळीकडे उसळलं. मामा “धरतीकंप!” म्हणून जे उठले, ते टीपॉय घेऊनच उठले. शकूमावशी सोफ्यामागे गेली. एक पाल मामांच्या सदऱ्यावर, एक पडद्यावर, एक थेट निलेशच्या खांद्यावर. मोठीबाय मात्र कोणाकडेही न बघता शांतपणे भिंत चढून देव्हाऱ्यावर आपल्या जागी गेली.

मी डोळे उघडले तेव्हा मी खुर्चीवर होतो. एकटा नव्हतो. शेजारी निलेश होता. आम्ही दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं.

“काढा ना,” तो कुजबुजला. “खांद्यावर आहे.”

“मला दिसतेय,” मी म्हणालो. “म्हणूनच काढत नाही.”

वंदना पुढे आली. तिने पदर खोचला, हात वर केला, निलेशच्या खांद्यावरची पाल अलगद ओंजळीत घेतली आणि खिडकीबाहेर सोडली. “उतरा आता,” ती त्याला म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

आणि मग मला हंसाबाई आठवल्या. पळून गेल्या असणार! मी खुर्चीवरून उडी मारली आणि पाहिलं, तर बाई जागच्या जागी बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर हात जोडले.

“काकू, उठू नका! पाया पडतो! वंदनाची यात काही चूक नाही, सगळं माझं डोकं! तुम्हाला पाल चालत नाही म्हणून तर आम्ही—”

“मला?” हंसाबाई म्हणाल्या. त्यांनी मामांच्या पाठीवरची पाल चिमटीत धरली आणि बाजूला ठेवली. “मला काय होतंय पालीने? आमच्याकडे काय कमी आहेत?”

मी सोफ्याकडे वळलो. “मावशी! तूच म्हणालीस ना फोनवर, त्यांना पाल चालत नाही, दिसली तरी उठून जातात!”

सोफ्यामागून मावशीचं डोकं वर आलं.

“पालक!” ती किंचाळली. “पालक म्हणाले मी, पालक! त्यांना मुतखडा आहे! डॉक्टरांनी पालक बंद केलाय! पालकाची भाजी ताटात दिसली तरी चिडून उठून जातात, म्हणून सांगितलं तुला!”

आणि नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघराचा पडदा बाजूला झाला. आतल्या कुकरच्या शिट्यांमुळे नयनाला यातलं काहीही ऐकू गेलं नव्हतं. केसांत गजरा, चेहऱ्यावर दोन रात्रींच्या जागरणाचं समाधान. हातात ताट.

“या, बसा सगळे,” ती म्हणाली. “आज सगळं पालकाचं केलंय.”

पालकाच्या हिरव्या पुऱ्या. पालकाची भजी. पालकाची पातळ भाजी. पालक घातलेली डाळ. कढीतसुद्धा हिरवं काहीतरी तरंगत होतं. इतकं हिरवं ताट मी जन्मात पाहिलं नव्हतं. उपटलेलं शेतच आणून ठेवलं होतं म्हणा ना!

नयना एकेकाचं तोंड बघायला लागली. “काय झालं? मीठ कमी दिसतंय काय?”

हंसाबाई उठून उभ्या राहिल्या. संपलं, मला वाटलं. आईने तोंडावर पदर घेतला. वंदनाचा चेहरा उतरला, आणि तो पाहून मला, खरं सांगतो, पालींनी भरलेला तो डबा स्वतःच्या डोक्यावर ओतून घ्यावासा वाटला.

हंसाबाई त्या ताटाकडे बघत होत्या. मग त्यांनी वर टरफलांकडे पाहिलं. खिडकीतल्या लसणाकडे पाहिलं. बाबांच्या फोटोमागून डोकावणाऱ्या मोरपिसाकडे पाहिलं. पाठ मोकळी होताच अंगणात पळालेल्या आपल्या भावाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा थरथरला, आणि त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता परत खाली बसल्या, डोळे पुसले, पुन्हा ताटाकडे पाहिलं आणि पुन्हा हसल्या.

“माझ्यासाठी?” त्या म्हणाल्या. “हे सगळं माझ्यासाठी केलंत?”

“हो,” आई रडवेल्या आवाजात म्हणाली. “पोरीला तुमचा मुलगा आवडलाय हो. म्हणून घर डोक्यावर घेतलं आम्ही.”

हे असं बोलण्यांच्या वेळी कोणी बोलत नाही. वंदना लाजेने लाल झाली, पण निलेशने मान वर केली. “मलाही,” तो म्हणाला. खुर्चीवरून नुकताच उतरलेला माणूस इतकं ठामपणे बोलेल असं वाटलं नव्हतं.

मग आईने हंसाबाईंसाठी पटकन दहीभात कालवला, वरून हिंग-मिरचीची फोडणी घातली. पालकाचं ताट मगनमामांनी संपवलं. (बाहेर अंगणातच बसून संपवलं. आत यायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.) नयनाची समजूत घालायला मात्र मला पुढे बरेच दिवस लागले.

जाताना हंसाबाईंनी वंदनाच्या हातात नारळ ठेवला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि आईला म्हणाल्या, “माझा मुलगा भित्रा आहे, विहीण. मला अशीच सून पाहिजे होती. आता लग्नाचा दिवस काढा चांगला.”

आई नुसतीच त्यांचा हात धरून उभी राहिली. मग रिक्षात चढता चढता हंसाबाई थांबल्या, मागे वळून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि आवाज खाली घेऊन, पण मला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे आईला विचारलं,

“आणि ह्या मास्तरांचं लग्न झालंय ना?”

“झालंय की,” आई म्हणाली. “ती ताट घेऊन आली, ती याचीच बायको.”

हंसाबाईंनी सुटकेचा मोठा निःश्वास टाकला.

“बरं झालं हो, विहीण. एवढं एक तरी तुम्ही वेळेवर उरकलंत!”